एकासारखा दुसरा बाण घडवणारा डॉक्टर

धनुर्विद्येचा सराव चालू असलेल्या मैदानावर जरा वेळ थांबून पाहावे. खेळाडू सहा बाण सोडतो, लक्ष्यापर्यंत चालत जातो, बाण उपटतो आणि वहीत काहीतरी टिपतो. ते केवळ गुण नसतात. कोणत्या क्रमांकाचा बाण कुठे लागला, हेही त्यात असते. भात्यातल्या प्रत्येक बाणाला क्रमांक दिलेला असतो. चार क्रमांकाचा बाण सलग काही दिवस इतरांच्या घोळक्याबाहेर, एकाच बाजूला लागत राहिला, तर दोष हाताचा नसून त्या बाणाचा आहे असे धरतात आणि तो बाजूला काढतात.

आजचे बाण कार्बनच्या आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे असतात. कारखान्यातून ते जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे बाहेर पडतात. तरीही ही निवड चालतेच. मग शंभर वर्षांपूर्वी, बाण लाकडाचे होते तेव्हा काय होत असेल? प्रत्येक काडी वेगळ्या झाडाची, प्रत्येकीचा ताठपणा वेगळा, वजन वेगळे. त्या काळात हा प्रश्न ज्यांनी चिकाटीने हाताळला आणि सामान्य वाचकांपर्यंत पोचवला, ते अमेरिकेतले एक सर्जन होते. त्यांचे नाव सॅक्स्टन टेंपल पोप.

पोप यांचा जन्म 1875 सालचा, टेक्सासमधल्या फोर्ट स्टॉक्टनचा. वडील लष्करात सर्जन होते, त्यामुळे लहानपण छावण्यांमध्ये आणि उघड्या माळावर गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठातून 1899 मध्ये ते डॉक्टर झाले. पत्नी एमा याही डॉक्टर. पुढची बरीच वर्षे वॉटसनव्हिल या गावी त्यांनी सर्वसाधारण वैद्यकी केली आणि 1912 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत शस्त्रक्रिया शिकवायला आले. हातचलाखीचे खेळ करणे हा त्यांचा आवडता छंद. तोवर धनुष्यबाणाशी त्यांचा संबंध असलाच तर इतर मुलांचा असतो तेवढाच.

त्यांचे रुग्णालय आणि विद्यापीठाचे मानववंशशास्त्राचे संग्रहालय एकाच टेकडीवर, एकमेकांना लागून होते. त्या संग्रहालयात एक माणूस राहत होता. वर्षभरापूर्वी, ऑगस्ट 1911 मध्ये, ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी तो उपाशी आणि एकटा सापडला होता. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी याही जमातीची कत्तल केली होती आणि उरलेले काही जण चाळीसेक वर्षे डोंगरदऱ्यांत लपून जगले होते. त्यांतला हा शेवटचा. आपले खरे नाव त्याने कधीच कुणाला सांगितले नाही. आपले नाव आपणच उच्चारायचे नाही, अशी त्यांच्यातली रीत होती. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्यांना इशी म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ फक्त माणूस.

पोप आणि इशी यांची ओळख डॉक्टर आणि रुग्ण म्हणून झाली. शहरात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात इशींना श्वसनाचा आजार झाला होता. डोंगरात एकटेपणाने जगलेल्या शरीराला शहरातले जंतू नवे होते. पुढे तपासण्या होत राहिल्या आणि त्यातून मैत्री जमली. इशी वॉर्डांतून फिरत, आजाऱ्यांच्या खाटांशी थांबत, शस्त्रक्रियाही पाहत. गंमत अशी की सर्जन म्हणून पोप यांचे त्यांना फारसे अप्रूप वाटले नाही. नाणी गायब करणाऱ्या पोप यांच्या हातचलाखीने मात्र ते थक्क झाले आणि हा माणूस खरा वैद्य आहे अशी त्यांची खात्री पटली.

इशी संग्रहालयात बसून बाण करत आणि पोप त्यांच्याजवळ बसून पाहत. विच हेझल झुडपाचे सरळ कोंब निवडायचे, साल काढून वाळवायचे. वाकडेपणा असेल तिथे निखाऱ्याची धग द्यायची, लाकूड मऊ पडले की अंगठ्याने दाबून सरळ करायचे आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायचे. मग खाच पाडलेल्या दोन वालुकाश्मांच्या मधून काडी फिरवत गुळगुळीत करायची. मागे पक्ष्याच्या पिसाचे तीन तुकडे, जनावराच्या स्नायूच्या धाग्याने बांधलेले. पुढे ज्वालामुखीच्या काळ्या काचेचा फाळ, हरणाच्या शिंगाच्या टोकाने कडा टिचवत टिचवत घडवलेला. काळी काच मिळाली नाही तर बाटलीची काचही चाले. बाण ते साधारणपणे पाच-पाचच्या गटाने करत आणि रंगाचे पट्टेही गटात सारखे काढत.

पोप यांनी हे सारे शस्त्रक्रियेची टिपणे काढावीत तसे टिपून ठेवले आणि 1918 मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथमालेत याही धनुर्विद्येवर प्रबंध प्रसिद्ध केला. बाण कसा धरायचा, दोरी अंगठ्याने कशी ओढायची, उकिडवे बसून कसा सोडायचा, सगळे त्यात आले. एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवली. लांबच्या लक्ष्यावर इशींचा नेम फारसा चांगला नव्हता. शहरातल्या क्लबचा साधारण तिरंदाज त्यांना मागे टाकू शकला असता.

हे वाचून इशींचे बाण कमी दर्जाचे होते असे कुणालाही वाटेल. इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

साध्या लाकडी धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे 36 मीटर वेगाने जातो असे धरू. 15 मीटरवरच्या हरणापर्यंत तो अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने तो ऐंशी-पंचाऐंशी सेंटिमीटर खाली येतो आणि नेम धरताना ही घट हाताच्या सवयीने भरून काढली जाते. आता दुसरा बाण थोडा जड असल्यामुळे वेग एक टक्क्याने कमी झाला. फरक पडला जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरचा. हरणाच्या छातीवर तो कळणारही नाही.

तेच दोन बाण 50 मीटरवर सोडा. आता प्रवासाला सव्वा सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि घट साडेनऊ मीटरच्या घरात जाते. एक टक्का वेग कमी झाला की दुसरा बाण सुमारे 19 सेंटिमीटर खाली लागतो. अंतर सव्वातीन पट झाले, चूक मात्र अकरा पट. आज ऑलिम्पिकमध्ये 70 मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ 12.2 सेंटिमीटर व्यासाचे असते, हे लक्षात घेतले की क्रमांक टाकून बाण वेगळे करणाऱ्या खेळाडूचा काटेकोरपणा कळतो.

इशी झुडपाआडून, दबा धरून, पंधरा-वीस मीटरवरून बाण मारत. तेवढ्या अंतराला त्यांचे बाण पुरेपूर चांगले होते. त्या लोकांना 80 यार्डांवरच्या गवताच्या चकतीवर बाण मारत बसण्याचे कारणच नव्हते. क्लबातले तिरंदाज मात्र 60, 80, 100 यार्डांवर मारत. तिथे एक उत्तम बाण असून भागत नाही, सगळे बाण एकमेकांसारखे लागतात. एखादा बाण सर्वांत सरळ, सर्वांत हलका, सर्वांत देखणा असला आणि बाकीचे पाच तसे नसले, तर तोच एक गोंधळ घालतो. पोप या दोन्ही जगांत वावरत होते. म्हणून त्यांना हा फरक दिसला.

इशींचा शेवट पोप यांच्या डोळ्यांसमोर झाला. क्षयरोगाचे निदान झाले तेव्हा त्यावर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला आणखी तीसेक वर्षे होती. विश्रांती, दूध, मोकळी हवा एवढेच उपचार. 25 मार्च 1916 रोजी इशी गेले. पोप त्यांच्याजवळ होते. शवपेटीत त्यांच्याजवळ धनुष्य आणि पाच बाण ठेवले गेले. पण त्याआधी रुग्णालयात शवविच्छेदन झाले आणि मेंदू काढून ठेवण्यात आला. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. असे काही करू नये असे त्यांनी पत्राने कळवले होते, पण ते पत्र वेळेत पोचले नाही. पोप यांनी 1920 मध्ये इशींचा वैद्यकीय इतिहास लिहिला, त्यात शवविच्छेदनाचे तपशीलही आहेत. मित्र म्हणून हळहळणारा माणूस आणि नोंदी केल्याशिवाय राहू न शकणारा डॉक्टर, दोघेही त्या लेखात शेजारी शेजारी दिसतात. वाचताना आज अवघडल्यासारखे होते. मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत गेला आणि तिथून इशींच्या नातलग जमातींकडे परत यायला 2000 साल उजाडावे लागले.

इशींच्या मृत्यूनंतरही पोप यांचा नाद सुटला नाही, उलट वाढला. विल्यम कॉम्प्टन आणि आर्थर यंग हे दोन सोबती त्यांना मिळाले होते. तिघांनी इंग्लिश पद्धतीची, यू झाडाच्या लाकडाची लांब धनुष्ये करायला घेतली आणि शिकारीला जाऊ लागले. कॅलिफोर्नियातल्या विज्ञान अकादमीच्या संग्रहालयासाठी 1920 मध्ये यलोस्टोनच्या जंगलात पोप आणि यंग यांनी बाणांनी ग्रिझली अस्वले मारली. त्या काळी याचे फार कौतुक झाले. आज ते कौतुक करवत नाही. पण अस्वलासमोर उभे राहणाऱ्याला भात्यातला प्रत्येक बाण कसा जाईल याची खात्री हवी असते आणि ती खात्री पोप यांनी घरच्या कामाच्या टेबलावर मिळवली होती.

त्यांची पद्धत सोपी होती, कुणालाही करता येईल अशी. दारे-खिडक्यांच्या कारखान्यात मिळणाऱ्या बर्च लाकडाच्या गोल दांड्या ते घेत, इंचाच्या तीन अष्टमांश जाडीच्या. लाकडाचे तंतू एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ धावतात का, हे पहिल्यांदा पाहायचे. तंतू मध्येच तिरपे बाहेर पडत असतील तर ती दांडी तिथे मोडणार, तेव्हा ती बाद. मग वाकवून ताठपणा पाहायचा, मऊ निघेल ती बाद. उरलेल्या गॅसच्या ज्योतीवर शेकून सरळ करायच्या. ही युक्ती थेट इशींच्या निखाऱ्यांवरून आलेली. साधारण 28 इंच लांबीला कापायच्या आणि तराजूत तोलून सारख्या वजनाच्या एकत्र ठेवायच्या. पिसे टर्कीची. एका बाणाची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची हवीत, कारण डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांचा बाक उलटसुलट असतो आणि मिसळली तर बाण नीट फिरत नाही. शिकारीच्या बाणाला पोलादी पात्याचे फाळ ते स्वतः कापत आणि डाख देऊन बसवत.

यातली ताठपणाची परीक्षा कुणाला उगाचच वाटेल. वजन सारखे हवे हे पटते, पण ताठपणा कशाला? बाण सरळच तर जातो.

तो सरळ जात नाही, हीच यातली मजा आहे. बोटांवरून दोरी सुटताना किंचित बाजूला घसरते. मागून जोराचा धक्का बसतो, पुढे फाळाचे वजन असते, त्यामुळे बाण मध्यावर वाकतो. मग उलटा वाकतो, पुन्हा सुलटा. असा सापासारखा वळत तो धनुष्याच्या लाकडाला वळसा घालून पुढे निघतो आणि नंतर पिसांमुळे हळूहळू शांत होतो. ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळला तर हा वळसा बरोबर बसतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार मऊ बाण उजवीकडे. म्हणजे वजनातला फरक बाण वर-खाली नेतो आणि ताठपणातला फरक डावी-उजवीकडे. मैदानावरच्या त्या खेळाडूच्या वहीत डावीकडे जाणारा चार क्रमांकाचा बाण असतो, त्याला बहुधा हीच व्याधी असते.

पोप यांच्या हयातीत हे वळसे कुणाला डोळ्यांनी दिसले नव्हते. बेल प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी 1930 च्या दशकात अतिवेगवान चित्रीकरण केले, तेव्हा ते पडद्यावर आले. पोप यांच्याजवळ होती ती बोटे, जुन्या इंग्लिश तिरंदाजांचे अनुभव आणि निरीक्षणाची सवय. नाडी पाहून ताप ओळखणाऱ्या पिढीतल्या डॉक्टरला दांडी वाकवून तिचा स्वभाव ओळखणे जड गेले नसावे.

त्यांचे 1923 साल फार कामाचे गेले. विद्यापीठाने त्यांचा धनुष्यबाणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहालयातली निरनिराळ्या देशांची धनुष्ये काढून त्यांनी ती ओढून पाहिली, किती पौंडांचा जोर लागतो आणि बाण किती यार्ड जातो हे मोजले. जी ओढली असती तर मोडली असती, त्यांच्या प्रतिकृती केल्या. जुनी, वाळून कडक झालेली धनुष्ये नव्या यू लाकडाच्या धनुष्याशी तोलणे पूर्ण न्याय्य नव्हते, एवढे म्हटले पाहिजे. फाळांच्या चाचण्या मात्र सर्जनला साजेशा होत्या. हरणाच्या कातड्याआड गाईचे यकृत ठेवून त्यांनी बाण मारले, तेव्हा इशींचा काळ्या काचेचा फाळ पोलादी फाळापेक्षा खोल शिरला. टिचवलेल्या काचेची धार धातूच्या धारेपेक्षा बारीक असते.

त्याच वर्षी त्यांचे धनुष्यबाणाने शिकार करण्यावरचे पुस्तक आले. इशींची कहाणी, बाण आणि धनुष्य घरी कसे करावे, आणि शिकारीचे प्रसंग असे त्याचे स्वरूप. अमेरिकेत अनेकांनी ते वाचून धनुष्य हातात घेतले. पोप 1925 मध्ये लेखक स्टुअर्ट एडवर्ड व्हाइट आणि आर्थर यंग यांच्याबरोबर आफ्रिकेत टांगानिकात सिंहांच्या शिकारीला गेले. परतल्यावर त्यावर आणखी एक पुस्तक लिहिले. आणि 8 ऑगस्ट 1926 रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. पेनिसिलिन औषध म्हणून हातात यायला तेव्हा पंधरा वर्षे बाकी होती. बाण देणारा मित्र क्षयाने गेला आणि बाण शिकणारा डॉक्टर न्यूमोनियाने, दोघांचेही आजार फुप्फुसाचे आणि दोघेही औषधाच्या थोडे आधी गेलेले.

त्यांच्या पुस्तकाच्या वाचकांत कॅलिफोर्नियातला एक मुलगा होता, डग ईस्टन. शिकारीला गेला असताना बंदूक पडून उडाली आणि त्याचे पाय जायबंदी झाले. बरे व्हायला फार दिवस लागले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने पोप यांचे पुस्तक वाचले आणि हिंडूफिरू लागल्यावर धनुष्ये आणि सीडर लाकडाचे बाण करायला सुरुवात केली. त्याचे बाण चांगले होते, गिऱ्हाईकही मिळाले. पण लाकूड ऐकेना. दमट हवेत वजन बदलायचे, उन्हात काडी वाकायची, आणि कितीही दांड्या तपासल्या तरी जुळणाऱ्या डझनभर हाती लागायला ढिगारा बाद करावा लागायचा. पोप यांनी निवड करून जी अडचण सांभाळली, ती ईस्टन यांनी मुळातच काढायचे ठरवले. धातूची नळी खेचून तयार केली तर जाडी, वजन आणि ताठपणा तिन्ही हवे तसे ठरवता येतात आणि पुन्हा पुन्हा तेच मिळते. त्यांचे ॲल्युमिनियमचे बाण 1939 मध्ये तयार झाले आणि दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, लॅरी ह्यूजेस यांनी त्यांवर अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. मग युद्ध आले, ॲल्युमिनियम विमानांकडे गेले आणि बाणांचे काम काही वर्षे थांबले.

युद्धानंतर ते पुन्हा सुरू झाले आणि स्पर्धांच्या मैदानावरून लाकूड हळूहळू हद्दपार झाले. ताठपणा आता बोटांनी पाहत नाहीत. 28 इंचांवर ठेवलेल्या दोन टेकूंवर दांडी आडवी ठेवतात, मध्यावर 880 ग्रॅमचे वजन टांगतात आणि ती इंचाच्या किती हजाराव्या भागांनी खाली वाकते ते वाचतात. पाचशे हा आकडा छापलेली नळी म्हणजे अर्धा इंच वाकणारी. सातारा-नागपूरच्या मैदानांवर सराव करणारी मुले दुकानात मागतात ते हेच आकडे. इशींनी केलेले बाण बर्कलीला विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत.